चाकोरी आणि चकती : सोलापूर जिल्ह्यातील चाकांमधल्या अंतराचा इतिहास

'चाकोरी' हा शब्द आज मराठीत बहुधा लाक्षणिक अर्थाने वापरला जातो आणि ठरावीक रीतीने चाललेल्या आयुष्याला किंवा विचाराला तो लावला जातो. परंतु मुळात तो रस्त्याचा शब्द आहे. एकामागून एक जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी जमिनीत पडलेल्या दोन समांतर खाचा म्हणजे चाकोरी. भीमा आणि सीना या नद्यांच्या दरम्यानच्या काळ्या जमिनीत, म्हणजे आजच्या सोलापूर जिल्ह्याच्या मोठ्या भागात, या खाचा पावसाळ्यात चिखलात कोरल्या जात आणि हिवाळ्यात जमीन वाळली की वीटकामासारख्या कडक होत. अशा वाटेवरून जाणाऱ्या गाडीच्या दोन चाकांमधले अंतर त्या खाचांमधल्या अंतराशी जुळत नसेल, तर एक चाक खाचेत आणि दुसरे वरंब्यावर चाले, गाडी एका अंगाला कलंडे, ओझ्याचा मोठा हिस्सा एकाच चाकावर येई आणि दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आसाला पीळ बसे. म्हणून चाकांमधले अंतर ही गाडीमालकाच्या आवडीनिवडीची बाब नव्हती. गाव, सुतार आणि रस्ता यांनी मिळून ठरवलेले ते एक माप होते, आणि कोठेही लिहून ठेवलेले नसूनही ते पाळले जात होते.

आज मोटारगाडीच्या चाकांमधले हेच अंतर वाढवण्यासाठी चाक आणि हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो फिरता मधला भाग, यांच्यामध्ये बसवल्या जाणाऱ्या चकतीला 'व्हील स्पेसर' म्हणतात. गेल्या काही वर्षांत ही चकती लहानमोठ्या शहरांतील मोटारसजावटीच्या दुकानांपर्यंत पोहोचली असून, ती सुरक्षित आहे की नाही या प्रश्नाची चर्चा बहुतेक वेळा ती अगदी नवी वस्तू असल्यासारखी केली जाते. वस्तू नवी आहे, परंतु चाक आपल्या जागेवरून बाहेर सरकवले तर ओझे कोणावर पडते, हा प्रश्न या जिल्ह्यात किमान पावणेदोनशे वर्षे विचारला गेला आहे, आणि त्याची दोन अतिशय विचारपूर्वक दिलेली उत्तरे एकाच माढा तालुक्यात, टेंभुर्णी आणि कुर्डुवाडी या परस्परांपासून वीसेक किलोमीटरवर असलेल्या गावांत सापडतात.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत दख्खनच्या पठारावरील मालवाहतूक मुख्यतः बैलांच्या पाठीवरून होत असे. धान्य, मीठ आणि कापूस यांच्या गोण्या लादलेले वंजारी आणि लमाण यांचे तांडे घाट चढत-उतरत, आणि जेथे गाडे होते तेथे ते भरीव चाकांचे, अवजड आणि अनेक बैलांनी ओढायचे होते. भरीव चाक मजबूत असते, पण त्याचे स्वतःचेच वजन इतके असते की बैलांची बरीच शक्ती माल ओढण्याऐवजी चाक ओढण्यात खर्च होते. शिवाय काळ्या जमिनीत ते रुतले तर बाहेर काढणे अवघड जाते. १८३५ नंतर इंदापूर आणि त्यालगतच्या सोलापूर भागात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने जमिनीच्या मोजणीची आणि सारा ठरवण्याची नवी पद्धत सुरू झाली, तेव्हा मोजणी खात्यातील अधिकाऱ्यांच्या लक्षात आले की शेतकऱ्याचा माल बाजारात पोहोचवण्याची सोय झाली नाही तर सारा कितीही विचाराने ठरवला तरी त्याचा उपयोग मर्यादितच राहील. याच खात्यातील लेफ्टनंट गेसफर्ड याने १८३६ च्या सुमारास टेंभुर्णी येथे सुधारित गाड्या बनवण्याचा कारखाना उभा केला. दोन बैलांना ओढता येईल इतकी हलकी आणि तरीही मालाचे ओझे पेलणारी गाडी तयार करणे हा त्याचा हेतू होता, आणि दख्खनमध्ये पुढे रूढ झालेल्या आरे असलेल्या दुचाकी बैलगाडीच्या इतिहासात या लहानशा गावाचे नाव त्यामुळेच येते. पुणे–सोलापूर महामार्गावरून आज टेंभुर्णी ओलांडणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते, आणि याची खंत वाटावी इतके ते महत्त्वाचे आहे.

या गाडीच्या चाकाची रचना तपशिलाने समजून घेतली पाहिजे, कारण मोटारीच्या चाकाचे पुढचे सारे प्रश्न तिच्यात बीजरूपाने आहेत. चाकाच्या मध्यभागी लाकडाचा जाड ठोकळा असतो, त्याला तुंबा म्हणतात. त्यात चाकाच्या काड्या, म्हणजे आरे, ठोकून बसवलेले असतात. आऱ्यांची बाहेरची टोके परिघाच्या वक्र लाकडी तुकड्यांत, म्हणजे पुठ्ठ्यांत, शिरतात. आणि या सर्वांभोवती लोखंडाची पट्टी वळवून केलेले कडे असते, त्याला धाव म्हणतात. हे काम बाभळीच्या लाकडात होत असे, कारण बाभूळ चिवट असते आणि या कोरडवाहू मुलखात ती मिळतेही. धाव बसवण्याची रीत पाहण्यासारखी होती. लोहार धावेचे कडे चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करी, गोवऱ्यांच्या जाळात ते लाल होईपर्यंत तापवी, तापून फुगलेले कडे सांडशींनी उचलून चाकावर चढवले जाई आणि लगेच त्यावर पाणी ओतले जाई. थंड होताना धाव आकसे, पुठ्ठे एकमेकांना भिडत, आरे तुंब्यात घट्ट रुतत, आणि चाक एकसंध होई. याचा अर्थ असा की चाक खिळ्यांनी धरलेले नव्हते. लोखंडाच्या ताणाने लाकूड आवळलेले होते आणि त्या आवळण्यातच चाकाचे बळ होते. उन्हाळ्यात लाकूड वाळून आटले की हा ताण कमी होई, आरे खुळखुळू लागत, आणि मग चाके ओढ्यात किंवा डोहात भिजत घातली जात किंवा धाव उतरवून, तिचा घेर कमी करून ती पुन्हा चढवली जाई. ताण ढिला झाला की सांधा हलतो आणि सांधा हलू लागला की तो मोडतो, हे ज्ञान लोहाराच्या पाहणीत होते.

चाकाला गाडीशी जोडणारा दांडा म्हणजे आस, किंवा आख. तो दोन्ही बाजूंना गाडीच्या साटीबाहेर, म्हणजे माल ठेवायच्या चौकटीबाहेर, आलेला असे आणि त्याच्या टोकांवर चाके फिरत. चाक निसटू नये म्हणून टोकाला आडवी खीळ घातलेली असे. साटीवरचे ओझे आसावर जेथे टेकते ती जागा आणि चाक जेथे जमिनीला टेकते ती जागा, या दोहोंमधल्या अंतरावर आसाचे भवितव्य अवलंबून असते. ओझे तेवढेच ठेवून चाक चार बोटे बाहेर सरकवले, तर आस वाकवणारा जोर तेवढ्या प्रमाणात वाढतो. हे तरफेचेच तत्त्व आहे, म्हणजे पहारीचा हात जितका लांब तितके तिच्या टेकूजवळचे बळ अधिक. याउलट चाके फार आत घेतली तर आसाला आराम पडतो, पण कडब्याची उंच भरलेली गाडी वळणावर उलटते. त्यामुळे सुताराला रुंदी ठरवताना तीन गोष्टींचा मेळ घालावा लागे: आस मोडू नये, गाडी कलंडू नये आणि चाके चाकोरीत बसावीत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाला 'गाव-गाडा' हे नाव दिले, तेव्हा गावगाड्याचे हे रूपक वाचकाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. गाड्याचा एक भाग बदलला की इतर भागांना त्याची झळ बसते, हे प्रत्येकाने पाहिलेले होते.

मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली. तिच्या रुळांमधले अंतर साडेपाच फूट, म्हणजे १,६७६ मिलिमीटर होते; भारतासाठी हे रुंद माप लॉर्ड डलहौसीच्या काळात ठरले होते, आणि इंग्लंडमध्ये रूढ असलेल्या चार फूट साडेआठ इंचांपेक्षा ते बरेच मोठे होते. पुढे १८८० च्या दशकात दक्षिणेकडून, विजापूरमार्गे, सदर्न मराठा रेल्वेची एक मीटर रुंदीची लोहवाट सोलापूरजवळच्या होटगीला येऊन मिळाली. १८९७ मध्ये कुर्डुवाडी, म्हणजे त्या वेळचे बार्शी रोड स्थानक, आणि बार्शी यांच्यामध्ये अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. एकाच जिल्ह्यात तीन रुंदींच्या लोहवाटा आल्या, म्हणजे तीन वेगवेगळ्या लोखंडी चाकोऱ्याच आल्या म्हणायच्या, आणि होटगी व कुर्डुवाडी येथे एका गाडीतला माल हमालांनी दुसऱ्या गाडीत भरण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

बार्शीची ही गाडी साधी स्वस्तातली सोय नव्हती. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीत भारतात आला होता. बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ, परंतु मुख्य लोहमार्गापासून सुमारे पस्तीस किलोमीटर दूर, आणि तिथला माल बैलगाड्यांतून बार्शी रोडला येत असे. कॅलथ्रॉपने अरुंद रुळांचा विचार करताना रुळांच्या रुंदीइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, महत्त्व एका आसावर पडणाऱ्या भाराला दिले. इंजिन असो, प्रवासी डबा असो वा मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार पडू द्यायचा नाही, असे त्याने ठरवले. भार असा सर्व आसांवर सारखा वाटला की हलके रूळ पुरतात, आणि त्याने एका यार्डाला तीस पौंड, म्हणजे मीटरला साधारण पंधरा किलो वजनाचे रूळ वापरले. लीड्सच्या किटसन कारखान्याने त्याच्यासाठी बांधलेल्या इंजिनांना परस्परांशी जोडलेल्या चार आसांची आठ चालक चाके होती, ती याच हिशेबाने. १८९६ मध्ये लीड्सजवळ न्यूले येथे खास चाचणीचा मार्ग बांधून ही सारी सामग्री आधी तपासण्यात आली आणि मगच ती समुद्रमार्गे भारतात आली.

या रेल्वेच्या मालडब्यांची रुंदी सात फूट होती आणि रुळांमधले अंतर मात्र अडीच फूट. याचा अर्थ डबा प्रत्येक बाजूला रुळांच्या बाहेर सव्वादोन फूट आलेला होता, आणि तरीही तो चालला. तो चालला, कारण त्याच्या खालच्या दाबून घडवलेल्या पोलादी चौकटी, स्वतंत्रपणे वळू शकणाऱ्या चारचाकी बोगी, आसांवरचा मोजून दिलेला भार आणि गाडीचा मर्यादित वेग, या सर्वांचा एकत्र हिशेब केलेला होता. चाकांमधले अंतर हा सुरक्षिततेचा एकमेव आधार नसतो, आणि ते कमी असणे म्हणजे धोका व जास्त असणे म्हणजे स्थैर्य असे सरळ समीकरणही मांडता येत नाही, हे बार्शी लाइटइतके स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. ही लोहवाट १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली; तिची एकूण लांबी सुमारे ३२५ किलोमीटर झाली, आणि आषाढी-कार्तिकीला पंढरपूरकडे जाणाऱ्या वारकऱ्यांची अनेक दशके तिने ने-आण केली.

याच रेल्वेच्या वाढीव मार्गाच्या कामातून सोलापूरचे वालचंद हिराचंद दोशी यांच्या कंत्राटदारीची सुरुवात झाली. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेले वालचंद घरच्या व्यापारातून रेल्वे-बांधकामाकडे वळले, लक्ष्मणराव फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली, आणि पुढे जहाजे, विमाने व साखर अशा उद्योगांतून जात १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटार कंपनी स्थापन केली. आरंभी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या आणि नंतर इटलीच्या फियाटच्या सहकार्याने तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात गाड्या तयार होऊ लागल्या. अडीच फुटी रुळांच्या मातीकामापासून मोटारीच्या कारखान्यापर्यंतचा हा प्रवास एका सोलापूरकराच्या आयुष्यात घडला, हा जिल्ह्याच्या इतिहासातला अभिमानाचा भाग आहे.

बैलगाडीला हवेचे टायर लागले ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात. ज्या कंपनीच्या टायरांमुळे ती प्रसिद्ध झाली तिच्या नावावरून लोक तिला डनलॉप गाडी म्हणू लागले, तर ऊसतोडीच्या बोलीत तिला नुसते 'टायर' असेही म्हणतात. माळीनगर आणि श्रीपूर येथे १९३० च्या दशकात खाजगी साखर कारखाने उभे राहिले, साठच्या दशकापासून सहकारी कारखाने आले, १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि ऊस जिल्हाभर पसरला. त्याबरोबर या टायरगाड्यांची संख्याही वाढली. लाकडी तुंब्याच्या जागी आता मोटारीसारखा लोखंडी हब आणि त्यात गोळ्यांचे बेअरिंग, म्हणजे फिरणाऱ्या व स्थिर भागांमधले घर्षण कमी करणारी पोलादी गोळ्यांची कडी, आली. खिळीच्या जागी नट आले. टायर रुंद असल्याने जुन्या चाकोरीची सत्ता संपली, आणि रुंदीचे बंधन सैल झाले.

ट्रॅक्टरने त्या बंधनाला वेगळे रूप दिले. पिकाच्या दोन ओळींमधल्या अंतराप्रमाणे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांमधले अंतर कमी-जास्त करावे लागते, आणि त्यासाठी चाकाची बशीसारखी तबकडी उलटी करून किंवा रिमची जागा बदलून हे अंतर साधारण चार-चार इंचांच्या टप्प्यांनी बदलता येईल अशी सोय निर्मात्यानेच केलेली असते. येथे चाक खरोखर बाहेर सरकते, आणि तरी त्याला कोणी धोक्याचे म्हणत नाही, कारण सर्वांत रुंद टप्प्यावर आस, हब आणि बेअरिंग यांवर किती जोर येईल हे आधीच गृहीत धरून ते घडवलेले असतात.

मोटारीच्या चाकाबाबत स्थिती वेगळी आहे. मोटारीचे चाक हबच्या सपाट तोंडावर टेकते, हबमधून बाहेर आलेले चार किंवा पाच आट्यांचे दांडे, म्हणजे स्टड, चाकाच्या भोकांतून पुढे येतात, आणि त्यांवर नट आवळले जातात. सामान्य समजूत अशी की गाडीचे वजन हे दांडे पेलतात. वस्तुतः नट आवळल्याने दांडा अगदी सूक्ष्म प्रमाणात ताणला जातो, तो ताण चाकाला हबच्या तोंडावर दाबून धरतो, आणि त्या दाबातून निर्माण होणारे घर्षण रस्त्याचे धक्के व ब्रेकचा जोर सोसते. टेंभुर्णीच्या चाकात लाकूड आवळून धरणारी धाव आणि मोटारीच्या हबवरचे नट एकच काम करतात. ताण शाबूत असेतो सांधा हलत नाही. ताण गेला की दांडे प्रत्येक फेऱ्यात थोडे थोडे वाकू लागतात आणि काही काळाने, बाहेरून काही दिसत नसताना, तुटतात. धातूच्या या थकव्यामुळे होणारा मोड अचानक झाल्यासारखा वाटतो, परंतु त्याची तयारी शेकडो किलोमीटर आधीपासून चाललेली असते.

चकती या सांध्यात एक जास्तीचे तोंड निर्माण करते. तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात भोके पाडलेली पातळ चकती मूळ दांड्यांवर सरकवून तिच्यावर चाक बसवतात. या वेळी चकतीच्या जाडीइतकी दांड्याची लांबी खर्ची पडते आणि नटाला पकडण्यासाठी आटे कमी उरतात. नटाची पकड दांड्याच्या व्यासाएवढी तरी असावी हा यंत्रशाळेतला सर्वमान्य ठोकताळा आहे. म्हणजे १२ मिलिमीटर व्यासाच्या आणि दीड मिलिमीटर अंतराचे आटे असलेल्या दांड्यावर नटाचे किमान आठ पूर्ण फेरे बसले पाहिजेत. पाच मिलिमीटरची चकती त्यातले तीनांहून अधिक फेरे हिरावून घेते, आणि दांडे बदलून लांब घातले नाहीत तर नट घट्ट वाटूनही त्याची खरी पकड अपुरी असते. दुसऱ्या प्रकारातली चकती जाड, बहुधा वीस मिलिमीटरहून अधिक, असते. ती स्वतःच्या नटांनी हबवर बसते आणि चाक तिच्यात बसवलेल्या वेगळ्या दांड्यांवर बसते. हिच्यात आटे कमी पडत नाहीत, परंतु एकाच्या जागी दोन सांधे होतात आणि आतला सांधा चाक काढल्याशिवाय तपासता येत नाही.

चाक हबच्या बरोबर मध्यावर राहावे म्हणून हबच्या तोंडावर एक गोल ओठ पुढे आलेला असतो आणि चाकाचे मधले भोक त्यावर चपखल बसते. चांगल्या चकतीला आतून या ओठाशी जुळणारे भोक आणि बाहेरून चाकासाठी तसाच नवा ओठ असतो. निरनिराळ्या गाड्यांना चालावी म्हणून मोठे भोक आणि लांबट खाचा पाडलेली स्वस्त चकती हे मध्य राखू शकत नाही. चाक केसभर एका बाजूला बसते, वेगात स्टिअरिंग थरथरते, आणि ती थरथर नटांचा ताण सैल करत जाते. अशी चकती कोणत्याही गाडीला, कोणत्याही कारणासाठी बसवू नये, इतके ठामपणे म्हणण्यास येथे पुरेसा आधार आहे.

बेअरिंगबद्दलची भीती मात्र मापात ठेवली पाहिजे. एका चाकावर ३५० किलो भार आणि २५ मिलिमीटर जाडीची चकती धरली, तर वाढलेला जोर एक मीटर लांब पहारीच्या टोकाला पावणेनऊ किलो वजन टांगल्याइतका होतो. वळणावर टायरला बाजूने मिळणारा रेटा चाकाच्या जवळपास एक फूट त्रिज्येच्या हातावर काम करतो आणि त्याचा बेअरिंगवरील ताण याहून कितीतरी मोठा असतो. त्यामुळे पातळ चकतीने बेअरिंग लगेच निकामी होते असे नाही. परंतु खड्ड्यांचा रस्ता, पाच माणसे व सामान, आणि वर्षानुवर्षांचा वापर एकत्र आले की त्याचे आयुष्य घटते. स्टिअरिंगवरचा परिणाम अधिक लक्षात घेण्याजोगा आहे. पुढचे चाक ज्या कल्पित रेषेभोवती वळते ती रेषा खाली वाढवली तर जमिनीला जेथे टेकते, त्या बिंदूपासून टायरच्या मध्यापर्यंतचे अंतर निर्मात्याने विचारपूर्वक ठरवलेले असते. चकतीने टायर बाहेर गेला की हे अंतर बदलते, आणि एक चाक डांबरावर व दुसरे साइडपट्टीच्या मुरुमावर असताना जोरात ब्रेक लावला तर स्टिअरिंग हातातून ओढले जाते. चार पदरी झालेल्या पुणे–सोलापूर महामार्गावरचा वेग आणि उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रेलर ओढत त्याच रस्त्यावरून जाणारे ट्रॅक्टर, यांमुळे असा ब्रेक लावण्याची वेळ या जिल्ह्यात कोणत्याही चालकावर येऊ शकते.

हे सर्व असूनही चकती हा मूळचाच वाईट पदार्थ नाही. पोर्शसारख्या निर्मात्याने आपल्या काही गाड्यांना चकत्या कारखान्यातूनच दिल्या आहेत, आणि जर्मनीत अशा सुट्या भागांची तपासणी होऊन त्यांना मान्यता मिळवावी लागते. फरक आहे तो हिशेब कोणी केला यात. अनेकदा चकतीची गरज आधीच्या एका चुकीतून निर्माण होते. चाकाच्या रुंदीचा मध्य आणि त्याचे हबवर टेकणारे तोंड यांतल्या अंतराला ऑफसेट म्हणतात व ते मिलिमीटरमध्ये चाकावर कोरलेले असते. आवडीचे अलॉय व्हील घेताना हा आकडा पाहिला नाही, की चाक आतल्या बाजूला सस्पेन्शनला घासते, आणि मग ते बाहेर आणण्यासाठी चकती घालतात. ४५ ऑफसेटच्या चाकामागे २० मिलिमीटरची चकती घातली तर ते २५ ऑफसेटच्या चाकासारखे बसते. तेव्हा सुरुवातीलाच योग्य आकड्याचे चाक निवडले असते, तर मधला सांधाच टळला असता. ज्यांनी चकती बसवलीच आहे त्यांच्यासाठी धाव पुन्हा चढवणाऱ्या लोहाराची रीत आजही लागू आहे: नवा सांधा पहिल्या काही दिवसांत थोडा बसतो, म्हणून हबच्या तोंडावरचा गंज आणि रंग घासून काढून चकती बसवावी, नट पाइपच्या जोराने न आवळता टॉर्क दाखवणाऱ्या पान्याने निर्मात्याने दिलेल्या मापापर्यंत आवळावेत, आणि साधारण शंभर किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा तपासावेत.

कायद्याची भूमिका या बाबतीत सावध आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल मालकाने वाहनात करू नये, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करण्यास परवानगी नसल्याचे स्पष्ट केले. 'एमएच १३' किंवा 'एमएच ४५' या जिल्ह्याच्या नोंदणीक्रमांकांच्या गाड्यांनाही ते तितकेच लागू आहे. एके काळी चाकोरीने जे बंधन घातले होते, ते आता कागदावर आले आहे. मात्र चाकोरी चुकलेल्या गाडीवानाला त्याची चूक पहिल्या शंभर पावलांत कळत असे, तशी ती कागदावरून कळत नाही.

चाकांमधले अंतर वाढवण्याचे सर्वांत मोठे काम या जिल्ह्यात रेल्वेनेच केले. १९५४ मध्ये सरकारने विकत घेतलेली बार्शी लाइट रेल्वे एकविसाव्या शतकाच्या आरंभी टप्प्याटप्प्याने रुंद झाली. आधी कुर्डुवाडी–पंढरपूर, मग लातूरकडचा मार्ग आणि शेवटी पंढरपूर–मिरज. साडेपाच फूट आणि अडीच फूट यांतला फरक बरोबर तीन फुटांचा, म्हणजे ९१४ मिलिमीटरचा. या तीन फुटांसाठी भराव रुंद करावे लागले, वळणे सरळ करावी लागली, पूल नव्याने बांधावे लागले, स्लीपर आणि रूळ बदलावे लागले. आणि कॅलथ्रॉपच्या पाच टनी आसांवरचे एकही चाक बाहेर सरकवून नव्या रुळांवर आणता आले नाही, ते डबे आणि इंजिने बाजूला ठेवून त्या रुंदीसाठीच घडवलेली दुसरी आणावी लागली.